काट्याच्या पेटीतला हरवलेला रस्ता

मी मुळात भित्री. डोणगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागले, ते माणसांशी फार बोलावं लागणार नाही या आशेवर.

गेटवर वजनकाटा होता. ट्रॅक्टर त्यावर चढला की वजन शेजारच्या, लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पेटीत उतरायचं, तिथून ऑफिसात जायचं आणि तिकडे पावती निघायची. काटा आणि ऑफिस यांची नेटवर्कं वेगळी. म्हणून ऑफिसकडचं सगळं मधल्या राउटरकडे दे, असा रस्ता त्या पेटीला कुणीतरी माझ्याआधीच घालून दिला होता.

दसऱ्याला खरेदीचा मुहूर्त. बीटी कापसाची बोंडं सगळीकडे एकदमच फुटलेली, त्यामुळे रांग पार सडकेपर्यंत. पहिल्या ट्रॅक्टरचं वजन झालं, कापूस गंजीवर ओतला गेला आणि ऑफिसात वजन पोचलंच नाही. काटेवाल्या चाचांनी आकडा कागदावर लिहून दिला. तो कोण मानणार?

"काटा मारला बे यानं!" कुणीतरी ओरडलं. बघता बघता गर्दी जमली आणि एकानं चाचांची कॉलर धरली.

मी पेटीपुढे बसले. राउटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, उत्तर आलं. म्हणजे वायर शाबूत. ऑफिसला केलं, तर नेटवर्कपर्यंत पोचताच येत नाही म्हणे. रस्त्यांचा, म्हणजे रूटचा तक्ता उघडला, तर त्यात ऑफिसची ओळच नव्हती.

"चाचा, पेटी बंद केली होती का?"

"काल खंडेनवमी होती ना ताई. काट्याची पूजा केली, तं यंदा पेटीबी बंद करून फूल ठेवलं. चालू यंत्राची पूजा कशी करावी?" कॉलर तशीच धरलेली.

आता कळलं. रस्ता पेटीला फक्त तोंडी सांगितलेला, कुठे लिहून ठेवलेला नव्हता. बंद होताच पेटी तो विसरली होती. मी ओळ पुन्हा टाइप केली. घाईत राउटरचा पत्ताच चुकला. पिंगला उत्तर नाही. मागे चाचांच्या शर्टाची गुंडी तुटून फरशीवर पडल्याचा आवाज आला. मला रडू फुटायचं बाकी होतं. चुकलेली ओळ काढली, एकेक आकडा पुटपुटत नवी घातली.

उत्तर आलं. अडकलेलं वजन आपोआप पुढे गेलं आणि ऑफिसातून माणूस पावती घेऊन धावत आला. कागदावरचा आणि पावतीवरचा आकडा एकच होता. कॉलर सुटली. माफी कुणी मागितली नाही.

मी तो रस्ता पेटी सुरू होताना आपोआप वाचला जाईल अशा फाइलमध्ये लिहिला आणि पेटी बंद-चालू करून खात्री केली.

पुढच्या खंडेनवमीला चाचा झेंडूचं फूल घेऊन आले. मी म्हटलं, "करा बंद, आता नाही विसरणार ती."

"राहू द्या ताई," ते म्हणाले, "चालूच राहू द्या." बोलताना त्यांचा हात गळ्याशी गेला. गुंडी लावलेलीच होती.