शिंदेबाईंनी पेपर सोडवला

"ही संगीता नको आपल्याला. कन्फर्म करायची नाही," मोठे डॉक्टर म्हणाले आणि निकालाचा कागद माझ्याकडे सरकवला.

सांगलीतलं एक खाजगी हॉस्पिटल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा साताऱ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. नव्या नर्सेसचं मन किती चिवट आहे, म्हणजे धक्का बसल्यावर त्या पुन्हा कितपत उभ्या राहतात, हे मोजायला डॉक्टरांनी मला बोलावलं होतं. मुलींचं प्रोबेशन संपत आलं होतं. संगीता मेढ्याकडची. नोकरी गेली की वडील तिचं लग्न उरकून टाकणार, हे अख्ख्या हॉस्टेलला ठाऊक होतं.

टेस्ट साधी. वाक्य वाचायचं, हो किंवा नाही लिहायचं. 'ड्युटीनंतर मला रडू येतं.' 'पेशंट दगावला की मला जेवण जात नाही.' संगीतानं असल्या सगळ्या वाक्यांना हो लिहिलेलं. बाकीच्या मुली अगदी पोलादी!

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. अशा टेस्टमध्ये आम्ही मधूनच काही वाक्यं पेरतो. 'मला आजवर कधीच राग आलेला नाही.' याला हो म्हणणारी स्वतःला चांगलं दाखवतेय, हे उघड आहे. मग तिच्या बाकीच्या उत्तरांवरही विसंबायचं नाही. याला लाय स्केल म्हणतात. संगीता सोडून सगळ्यांनी तिथं हो लिहिलं होतं.

"डॉक्टर, यावर मी सही करणार नाही. जी एकटी खरं बोलली, तिलाच घरी पाठवायचं?"

"मग परत घ्या टेस्ट. पण मी निकाल बघूनच ठरवणार."

परत घेऊन तेच होणार होतं. म्हणून मी सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, मेट्रन शिंदेबाईंना गाठलं. बाई भारी कडक. त्यांची चाहूल लागली की वॉर्डबॉयसुद्धा शर्टाची बटणं लावायचे.

"आवं मॅडम, मीच सांगितलं पोरींना. चांगलं लिवा, हॉस्पिटलचं नाव घालवू नका. त्यात काय चुकलं?"

"बाई, पेशंट तापानं फणफणलाय आणि एखादीनं चार्टवर नॉर्मल लिहिलं, तर चालेल तुम्हाला?"

बाई ताडकन उठल्या. मग म्हणाल्या, "बोलवा पोरींना. आन् मलाबी एक पेपर द्या."

सगळ्यांसमोर खुर्ची ओढून त्या बसल्या आणि मोठ्यानं वाचत लिहू लागल्या. "ड्युटीनंतर मला रडू येतं. व्हय. अजून येतं. परवा ते बाळ गेलं, तवा लिननच्या खोलीत जाऊन लय रडले." मुली बघतच राहिल्या. एकीनं डोळे पुसले. मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मुलींनी पेपर लिहिले. निकालात संगीता चारचौघींसारखीच निघाली. रडणाऱ्या सगळ्याच, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर ड्युटीला येणाऱ्याही सगळ्याच.

"आता सगळ्यांनाच काढायचं का?" मी विचारलं. डॉक्टर हसले. सगळ्या कन्फर्म झाल्या.

संगीता धावत आली. "मॅडम, मला वाटायचं, मी एकटीच अशी हाय." बोलता बोलता तिला हुंदका आला. मागून शिंदेबाई आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड गं. मग तेवढं कोपऱ्यातल्या आजींचं ड्रेसिंग करून घे."

बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तेव्हापासून कुठंही टेस्ट घ्यायला गेले की पहिला पेपर मी तिथल्या साहेबांच्या हातात देते. बऱ्याच साहेबांना नेमकी तेव्हाच मीटिंग आठवते.