धनेशाला दिलेली दाद

माझ्या आत्याच्या यजमानांइतक्या मोठ्या आवाजात खूश होणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल. गाण्याच्या बैठकीत ते शोभतं. पण नई सडकेवर कचोरी खुसखुशीत निघाली तरी काका हात वर करून "वाह! क्या बात है!" अशी आरोळी ठोकतात, आणि कढईमागचा हलवाई उठून नमस्कार करतो. माझ्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांना "फिर से!" म्हटलं आणि भटजींनी खरोखरच ते कडवं पुन्हा म्हटलं. अंतरपाटाआड मी लाजेनं घामाघूम झालो होतो. "दाद नाही दिली तर पाप लागतं, बेटा," हे वर मलाच समजावणं. "तो बिचारा समजेल, सगळे झोपले."

आत्याची नजर काचबिंदूनं चालली आहे. जे बघायचं ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनं ना काशी मागितली ना रामेश्वर. तिला रानातला धनेश पक्षी बघायचा होता. म्हणून हिवाळा संपता संपता मी दोघांना केरळच्या घनदाट जंगलात, पक्षी दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीला घेऊन गेलो.

आमची गाइड हळू बोलणारी मुलगी होती. जंगलात आवाज करायचा नाही, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. काका "बहोत बढ़िया!" असं इतक्या जोरात म्हणाले की समोरचं झाड रिकामं झालं. पुढे ओढ्याकाठी एक कस्तूर पक्षी लांबलचक शीळ घालू लागला, तर ह्यांनी बैठकीत बसावं तसे बूट काढले आणि मांडीवर ताल धरला. पाच मिनिटांत पायांना जळवा. बरोबरचं कॅमेरेवालं जोडपं माझ्याकडे असं बघू लागलं की मी एका शेवाळलेल्या खोडाचं मन लावून निरीक्षण करू लागलो. हे गृहस्थ माझे कोणी लागत नाहीत, असं त्या खोडाला तरी वाटावं.

दुपारी आम्ही त्या झाडापाशी पोचलो. वर ढोलीत धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून, फक्त एक फट ठेवून बसली होती. गाइड म्हणाली, पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून फळं भरवतो. आत्याच्या दुर्बिणीत नुसतं हिरवं दिसत होतं. काकांनी तोंडात रुमाल कोंबला आणि दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून हळूच ढोलीकडे वळवली. इतका वेळ गप्प बसलेले काका मी जन्मात पाहिले नव्हते. नर आला, फांदीवर बसला, मान वाकवून त्यानं पहिलं फळ आत सरकवलं. रुमाल गळून पडला.

"वाह! क्या बात है!"

नर उडाला तो थेट आमच्या डोक्यावरून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "हम रहेंगे तो वो वापस नहीं आएगा, चलिए," गाइड हळूच म्हणाली. आम्ही सगळे मागे फिरलो.

"अहो, मला पंख ऐकू आले," वाटेत आत्या म्हणाली. "केवढे मोठे असतील हो! झाडावर बसलेला मला थोडाच दिसणार होता?"

"तू माझं मन राखतेस," काका खाली बघत म्हणाले. "ती आत उपाशी राहिली ना गं, माझ्यापायी." त्यांचा एवढा बारीक आवाज मी प्रथमच ऐकला.

परवा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एका बैठकीला आम्ही गेलो होतो. गाणं असं रंगलं की अनोळखी माणसंही एकमेकांना टाळ्या देत होती. काका हात मांडीवर ठेवून गप्प. आत्याला आता समोरचा गवईसुद्धा नुसता पांढरा दिसतो. समेवर तिनं चाचपडत काकांचा हात शोधला आणि कोपरानं ढोसलं. "द्या की हो." काकांनी नुसती मान हलवली, आणि ती तिला दिसली नाही.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. आता काका ओरडले आणि सगळी बैठक माझ्याकडे वळून बघू लागली, तर किती बरं होईल, असं मला वाटत राहिलं.