क्वार्टर नंबर सात, बॅक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच मी जरा गप्प होईन, तेव्हा हसलात तर मला राग येईल. आणि मला राग आला की मी काय करून बसतो, त्याचाच हा किस्सा आहे.

मी तेव्हा सौदीत होतो, हफ्र अल बातिनजवळच्या एका कॅम्पात. मोठमोठी यंत्रं लावायला आलेले अमेरिकन साहेब तिथं राहायचे. त्यांच्या मेसचा कुक म्हणजे माझा थोरला भाऊ, युनूसभाई. आम्ही रत्नागिरीकडचे. मी पाचवीत शाळा सोडली आणि गावात उनाडक्या करायला लागलो, तेव्हा भाईनंच मला व्हिसा काढून बोलावून घेतलं आणि कॅम्पच्या लाँड्रीत चिकटवलं.

मग एका सकाळी भाई पीठ मळता मळता खाली बसला. तो उठलाच नाही.

तिथल्या कबरस्तानात कबरीवर नाव लिहीत नाहीत. एक साधा दगड, बस्स. पुन्हा गेलो तर कुठला दगड आपला, तेही सांगता येत नाही. भाईचं नाव लिहिलेली जागा साऱ्या सौदीत एकच उरली होती, क्वार्टर नंबर सातचं दार. कुकला वेगळी खोली मिळायची, तिला सगळे क्वार्टर म्हणायचे. बाकीचे आम्ही बराकीत, एकेका खोलीत आठ-आठ. दारावर भाईनं मार्करनं मराठीत लिहिलं होतं, ‘युनूस. चपला बाहेर काढा.’

भाईच्या मागे कंपनीनं मलाच कुक केलं. क्वार्टरही मिळालं. खिळ्यावरचा त्याचा शर्ट मी तसाच ठेवला होता. उशीचा अभ्रासुद्धा धुतला नव्हता. लाँड्रीतला माणूस मी, आणि अभ्रा धुवेना!

माझं नाव रुकनुद्दीन. ते साहेबांच्या तोंडात मावेना. डग नावाचा एक दांडगा साहेब होता, त्यानं पहिल्याच दिवशी मला ‘रूकी’ करून टाकलं. मला वाटलं, लाडानं म्हणतोय.

आता त्या मंगळवारचं ऐका. सकाळचा नाश्ता चालला होता. टीव्हीवर त्यांच्या फुटबॉलची रेकॉर्ड केलेली मॅच. हातानं खेळतात आणि म्हणतात फुटबॉल! डग आणि रे नावाचा त्याचा दोस्त, दोघं एका कागदावर दोन रकाने पाडून तावातावानं भांडत होते. मी ऑम्लेट घेऊन मागे उभा. ते जरा करपलंच होतं. दोन महिने माझं सगळंच करपत होतं.

“रूकी क्वार्टर बॅक...” डग म्हणाला.

माझा हात जागच्या जागी थांबला. क्वार्टर? बॅक? म्हणजे परत?

रे म्हणाला, गेल्या वर्षीचा फार चांगला होता, हा नुसता घाबरतो. गेल्या वर्षी कोण होतं? माझा भाई! मग म्हणाला, “सॅक.” हा शब्द परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो, नोकरीवरून काढणं. “चार वेळा सॅक!” एका माणसाला चार वेळा कसं काढतात, हे विचारायची बुद्धी मला होती का? छे! मग डग म्हणाला, “पॉकेट.” रूकी पॉकेटमध्ये असा, रूकी पॉकेटमध्ये तसा. म्हणजे मी चोरसुद्धा!

मी किचनमध्ये आलो. हमीदचाचा कांदा चिरत होते. श्रीवर्धनचे, कॅम्पातले सगळ्यात जुने.

“चाचा, ते माझं क्वार्टर परत मागतायत.”

“कोण म्हणाला?”

“आत्ता, तोंडावर! क्वार्टर बॅक!”

“अरे मेल्या, त्यांची मॅच चाललीय.”

“मॅच बघता बघताच माणूस खरं बोलतो, चाचा!”

“रुकनू, थांब जरा. मी विचारतो.”

थांबेल तो रुकनुद्दीन कसला! धावत क्वार्टरवर गेलो. भाईचा शर्ट, अभ्रा, कंगवा, सगळं ट्रंकेत कोंबलं आणि ट्रंक बराकीत नेऊन टाकली. त्यांनी काढायच्या आधी मीच निघतो, आमची पण काही इज्जत आहे! मग कॅम्पच्या ऑफिसात जाऊन नईमच्या टेबलावर किल्ली आपटली. नईम हैदराबादचा क्लार्क.

“चाबी कायको दे रा मियाँ? सोच ले. लिस्ट में लोगां खड़े हैं.”

“सोचना क्या है! मैं खुद छोड़ता!”

त्यानं खोली सोडल्याचा फॉर्म पुढे केला. न वाचता सही ठोकली.

परत मेसमध्ये आलो. डग आणि रे अजून भांडतच होते. मी टीव्हीच्या पुढ्यात उभा राहिलो आणि माझं सगळं इंग्रजी एकदम बाहेर काढलं. “यू टेक क्वार्टर बॅक! आय गिव्ह! माय ब्रदर गुड, आय बॅड, ओके! बट नो चोरी! पॉकेट सी!”

आणि दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले. निघालं काय? दोन लवंगा, एक रुमाल आणि मेसचं एक उकडलेलं अंडं. अंडं माझ्या नाश्त्याचं होतं, अल्लाची शपथ. पण त्या वेळी कोण विश्वास ठेवणार?

डगनं अंड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग रिमोट घेऊन मॅच थांबवली.

चाचा हात पुसत आले आणि डगनं सांगितलेलं मला समजावत गेले. तो बॉल फेकणारा गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. बॉल हातात असताना त्याला आडवा पाडला की तो सॅक. त्याला फेकायला वेळ मिळावा म्हणून त्याचीच माणसं त्याच्याभोवती कडं करून उभी राहतात, त्या कड्यातली जागा म्हणजे पॉकेट. आणि रूकी म्हणजे नवशिका. गेल्या वर्षीचा नवशिका आणि यंदाचा नवशिका, पहिल्या काही मॅचमध्ये कोण बरा खेळला, एवढंच भांडण.

“म्हणजे रूकी माझ्या नावावरून नाही?”

“नाही रे बाबा.”

मी टीव्हीकडे बघत राहिलो. बॉल धरलेला तो पोरगा, आणि भोवती पाच धिप्पाड माणसं. भाई होता तोवर मला माझं कडं कधी दिसलंच नव्हतं.

मग एकदम किल्ली आठवली. धावलो.

“खलास मियाँ,” नईम म्हणाला. “स्टोरवाले रोमी को दे दिया. बोला था ना, सोच ले?”

परत येऊन खुर्चीत बसलो. डगनं तो कागद उलटा केला, पुन्हा दोन रकाने पाडले. एकावर ‘युनूस’, दुसऱ्यावर ‘रूकी’. माझ्या खाली लिहिलं, ‘क्वार्टर’. भाईच्या खाली लिहिलं, ‘सनी साइड अप’.

ते काय? भाईनं मला कधीच सांगितलं नव्हतं, ते चाचांनी सांगितलं. भाईचा पहिला आठवडा. डगनं अंडी मागितली, सनी साइड अप, म्हणजे न उलटता तळलेली, पिवळं वर. सन म्हणजे सूर्य, एवढं भाईला येत होतं. त्यानं अंडी तळली, टेबल उचललं, खुर्ची उचलली आणि मेसच्या उन्हाच्या बाजूला नेऊन मांडली. जुलै महिना! माझा भाई, ज्याला मी जन्मात चुकताना पाहिलं नाही, तो ॲप्रननं माशा हाकत साहेबाची वाट बघत उभा.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” चाचा म्हणाले, “हा बाहेर जाऊन बसला, आणि भर उन्हात सगळी अंडी खाल्ली. भाईला वाईट वाटू नये म्हणून.”

मी हसायला लागलो. पुढे त्या हसण्याचं काय झालं ते विचारू नका. डगनं टीव्हीचा आवाज मोठा केला, एवढं आठवतं.

रोमी भला माणूस निघाला. दारावर काय लिहिलंय, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते पुसलं नाही, उलट त्या दिवसापासून चपला बाहेर काढायला लागला.

टीव्हीवरच्या त्या दोन पोरांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पण क्वार्टरबॅक व्हायला त्यांना वर्षानुवर्षं घाम गाळावा लागला असेल. मी अर्ध्या तासात झालो, तेसुद्धा सही करून!