न सांगता ओळखणारा डॉक्टर

बाभुळगावचा डॉक्टर माझ्या आईच्या मते बेकार होता, कारण तो विचारायचा. काय होतं, केव्हापासून होतं, भूक लागते का, झोप येते का. आई मनगट पुढं करून गप्प बसायची आणि बाहेर आल्यावर माझ्यावर उखडायची. "मलेच इचारते काय होते म्हून! मले मालूम असतं तं याच्याकडं कायले आली असती मी? नाडी पाह्याची न् सांगाचं. तो डॉक्टर!"

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. मी जवळच्याच खेड्यात शाळामास्तर होतो. आई एकटी नव्हती, आमच्या गावच्या साऱ्याच म्हाताऱ्या डॉक्टरला अशा पारखायच्या. दुखणं सांगायचं नाही. ओळखलं तर डॉक्टर खरा, नाही तर नुसता बाटल्या भरणारा.

एक दिवस आईची पाठ घासताना माझ्या बायकोच्या हाताला डाव्या छातीतली गाठ लागली. सुपारीएवढी. ती घाबरून माझ्याकडं आली. मी आईला विचारलं, तर ती म्हणे, "हाये. मंग? दुखत तं नाही. डॉक्टर असंल तं नाडीवरून वळखंल. त्याले नाही समजलं म्हंजे कायी नसंल."



पुढच्या सुटीला मी गाडी जुंपली, आईला बाभुळगावला नेलं आणि तिच्यासमोरच डॉक्टरला गाठीचं सांगून टाकलं. त्यानं हातातलं काम टाकलं, साबणानं हात धुतले, आतून आपल्या बायकोला बोलावून आईजवळ उभं केलं आणि पडद्याआड नीट तपासलं. घाई नाही, वसवस नाही. नंतर गाडीपर्यंत चालत आला. "आजी, गाठ लहान आहे. आत्ता काढून टाकता येईल. मास्तर, यांना नागपूरला न्या, उशीर करू नका." त्यानंतर मी पुष्कळ दवाखाने पाहिले, पण तेवढ्या आस्थेनं तपासणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

घरी आल्यावर आई गाडीतून उतरली. उंबऱ्यात पाय ठेवला आणि सुरू झाली. "त्यानं कुठं वळखलं? तू सांगतलं न् तो बोल्ला. पोपट हाये तो! पोपटाच्या बोलण्यावर कापून घेऊ काय मी?"

मामाला बोलावलं. बायको तिच्या पाया पडली. मी तर एकदा तोंड सोडलं, "मरतं काय मंग?" तशी म्हणे, "मरीन. पन इचारणाऱ्याच्या सांगण्यावरून नाही जात नागपूरले." हात टेकले मी.

मग फिरणं सुरू झालं. कळंब झालं, यवतमाळचे दोन झाले. प्रत्येक ठिकाणी तेच, मनगट पुढं आणि तोंड बंद. आर्णीचा एक मात्र तिला पटला. त्यानं डोळे मिटून नाडी धरली आणि म्हणाला, "अशक्तपणा आहे. पित्त आहे. रात्री झोप लागत नाही." अरे बाप्पा, साठीच्या कोणत्या बाईला हे नसतं! पण आईचा चेहरा असा फुलला, की मला रडावं का हसावं कळेना. ती गाडीत बसल्यावर मी परत आत जाऊन त्याला गाठीचं सांगितलं. तो म्हणाला, "बायकांना असतात गाठी," आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याचं लाल औषध तिनं कितीतरी महिने श्रद्धेनं घेतलं. आणायला मीच जायचो. शाळा, शेत, आर्णीची वाट. थकलो होतो हो, फार थकलो होतो. तिच्याशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुसरा पावसाळा सरला आणि गाठ फुटली. बायको दिवसातून कितीदा चिंध्या बदलायची, उकळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यानं धुवायची, तरी वास घरभर राहायचा. डावा हात सुजून आला. तेव्हा कुठं आई यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात यायला तयार झाली, तीही लुगड्यावर शाल घट्ट लपेटून. मला बजावलं, "एक शब्द बोलशील तं पाह्य."

आम्ही दारातून आत पाऊल टाकलं, तसं तिथल्या तरुण डॉक्टरनं मान वर केली. वास त्याच्यापर्यंत पोचला होता. त्यानं सुजलेल्या हाताकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आजी, छातीत आहे ना? डाव्या बाजूला?"

आई माझ्याकडं वळली. इतका आनंद मी तिच्या तोंडावर वर्षादीडवर्षात पाहिला नव्हता. "पाह्यलं? मनगट बी नाही धरलं यानं! हा डॉक्टर!" मग त्याला म्हणाली, "सांग बाप्पा, कुठं जाचं ते. नागपूर म्हन, मुंबई म्हन. तू म्हनशील तिथं येतो मी. काप म्हनशील तं काप."

त्यानं तिला तपासलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "आता काही करण्यासारखं राहिलं नाही. घरी न्या."

मी तिला धरून गाडीत बसवलं. ती शाल सावरत विचारत होती, "काय म्हन्ला तो? कवा निघाचं?"

"आताच," मी म्हणालो, आणि बैल गावाकडं वळवले.