बुचावरचं कुंकू

आमच्या गावाला कृष्णेनं तीन बाजूंनी कवेत घेतलं आहे. गावात यायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्याच्या मध्यावर ओढा. वर साताऱ्याकडं धरणाची दारं उघडली की नदी फुगते, ओढा उलटा भरतो, रस्ता बुडतो आणि गावाचं बेट होतं. तेवढ्या दिवसांत बाहेर जायला एकच वाट उरते, पंचायतीची फायबरची नाव. आणि ती नाव चालते ती बादशहा शिकलगारच्या जिवावर.

बादशहाचा आजा विळ्या-खुरप्यांना धार लावायचा. बाप विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. बादशहा स्वतः कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर आहे. शाळा सातवीपर्यंत. पण बिघडलेल्या यंत्रापुढं बसला की लगेच पाना हातात घेत नाही. आधी ऐकतो. "त्याला बोलू द्या की जरा," म्हणतो. पुराची दवंडी आली की तो रजा टाकतो, बायकोनं, झुबेदानं, बांधून दिलेल्या भाकरी घेतो आणि नावेवर येऊन बसतो. त्याला कुणी नेमलेलं नाही. तरी गेल्या चार पुरांत तो एकदाही चुकला नाही.

यंदाच्या पुरात नावेला सगळ्यांत मोठं काम होतं जोतीरामदादाचं. दादा फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसला जावं लागायचं. एक पाळी चुकली तर पाय सुजायचे, दुसरी चुकली तर श्वास पुरायचा नाही. नाव दर खेपेला त्याला ओढ्यापलीकडं सोडायची. तिथून गाडी.

एका सोमवारी इंजिन अडखळल्यानं नाव अर्ध्यातून परत आली होती. मंगळवारी सकाळी दादा खुर्चीवर बसवून काठाला आणला तेव्हा त्याची धाप काठावरच्या सगळ्यांना ऐकू येत होती. शेजारी त्याची बायको रंगूबाई, हातात पूजेचं ताट घट्ट धरून.

इंजिनाचं दुखणं विचित्र होतं. सावकाश चालवलं तर ते मांजरासारखं गुरगुरायचं. मूठ पिळून जोर मागितला की एक हुंदका द्यायचं आणि बसायचं. संथ पाण्यात हे चाललं असतं. पण ओढ्याच्या जागी पाण्याला अशी ओढ होती, की तिथं जोर कमी पडला तर नाव थेट नदीच्या पोटात.

"बादशा, चल गड्या, हळूहळू काढू," नावेचा दोर धरणारा नाथाजी म्हणाला.

"हळूहळू निम्म्यापतोर जाशील. म्होरं कोण, तुझा मामा वडणार हाय?"

दादा खुर्चीतून हसला. "इंजिनाला बी डायलिसिस लागलं काय रं?"

"दादा, ह्ये बरं तुमच्यापरास. ह्ये दुखतंय म्हणून वरडतंय तरी. तुमी कवा सांगताय?"

बादशहानं प्लग काढून घासले. बाटलीत पेट्रोल घेऊन उन्हाला धरलं. त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. ताडपत्रीवर कार्ब्युरेटर खोलला, धुतला, बसवला. मग हायस्कूलच्या मैदानात साचलेल्या पाण्यात फेरी मारली. नाव सुसाट गेली. काठावरच्या लोकांनी दादाची खुर्ची उचलली सुद्धा. तेवढ्यात पुन्हा हुंदका.

बादशहानं डब्याचं बूच उघडून पेट्रोल बघितलं. निम्मा डबा भरलेला. बूच लावलं, पुन्हा फेरी मारली. पुन्हा सुसाट, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

मग तो हात गुडघ्यावर ठेवून इंजिनाकडं बघत बसला. नाथाजी काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यानं बोटानं थांबवलं. डब्यापासून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीला मध्ये एक रबरी फुगा असतो. तो चोखलेल्या आंब्यासारखा आत गेला होता. बादशहानं बूच सैल केलं. फुस्स आवाज झाला आणि फुगा टरारला.

"हवा," तो म्हणाला. "डब्याला हवा मिळंना."

बुचाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत यावी लागते. ती आली नाही तर पेट्रोल पुढं सरकत नाही. सावकाश चालताना कसंबसं भागतं, जोर मागितला की इंजिन उपाशी पडतं. त्यानं बूच जवळ घेतलं. भोक दिसेना. त्यावर हळदीकुंकवाचा, तेलात भिजून वाळलेला जाड थर होता.

रंगूबाई दर खेपेला नावेची पूजा करायची. आधी ती इंजिनाच्या टोपणाला कुंकू लावायची. पण ते तुषारांनी धुऊन जायचं, आणि धुतलेलं कुंकू तिला बघवेना. म्हणून फळीखालच्या कोरड्या डब्याचं बूच तिनं निवडलं होतं.

"पूस की," एकजण म्हणाला.

नाथाजीनं फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. समोर धाप लागलेला नवरा, आणि त्याच्यासाठी बाईनं लावलेलं कुंकू. ते पुसायला कुणाचाच हात धजेना. रंगूबाईला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"माझ्याच हातानं झालं व्हय भावजी?"

बादशहा बूच घेऊन गुडघाभर पाण्यातून तिच्यापाशी आला. "वैनी, कुंकू बरूबर हाय, जागा चुकली. पुसायचं न्हाई ह्ये, हलवायचं. तेलाचं बोट लावा, उचला, आन नावंच्या नाकाला लावा. म्होरं तीच जाती. कुंकू तिलाच पायजे."

रंगूबाईनं तेलाच्या बोटानं थर उचलला. कण न कण. नावेच्या नाकाला टिळा ओढला. मग बांगडीतली पिन काढून आपण होऊन बादशहापुढं धरली. त्यानं भोक मोकळं केलं, बुचावर फुंकर मारली आणि म्हणाला, "बसा दादा."

मीही नावेत होतो. ओढ्याच्या तोंडाशी पाण्यानं नाव बाजूला खेचली. बादशहानं मूठ पिळली. आम्ही सगळे हुंदक्याची वाट बघत होतो. तो आला नाही. इंजिन एका सुरात ओरडलं, नावेनं नाक वर केलं आणि आम्ही पलीकडच्या डांबरी रस्त्याला लागलो. दादानं उतरताना बादशहाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मिनिटभर काढलाच नाही. धाप होती म्हणून की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

माणसाला देव भेटतो का ते मला ठाऊक नाही. चुकलेल्या माणसाला चूक न म्हणता वाट दाखवणारा माणूस मात्र मला माझ्याच गावात भेटला, हे मी अभिमानानं सांगतो.

दुपारी चारच्या सुमाराला बादशहाचा फोन वाजला. पलीकडून दादाचा फौजी आवाज, सकाळपेक्षा मोकळा.

"बादशा, झालं माजं. न्यायला ये. आन त्या नाथाजीला म्हणावं, भाकरी ठेव. लय भूक लागलीया."

बादशहानं फोन खिशात टाकला आणि नाथाजीला दोर सोडायला सांगितलं.