गिऱ्हाइकाची डावी बाजू

माझ्या काकांचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो आणि शर्टाची बटणं काकू लावते. याबद्दल घरात कुणी बोलत नाही, काका तर मुळीच नाहीत. पस्तीस वर्षं बसडेपोत इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. तिथे सगळे त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि निवृत्त झाल्यावरही ते या नावाला ओ द्यायचे. हात थरथरायला लागल्यापासून मात्र कुणी डॉक्टर म्हटलं की ते दुसरीकडे बघतात.

त्यांची डिझेलची टर्बो गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, शेडमध्ये उभी असते. म्हणजे खिडकी माझी आणि धूर तिचा. गेले काही महिने ती सुरू व्हायलाच पाच मिनिटं कुरकुरायची, सुरू झाली की खोकायची आणि माझ्या धुतलेल्या भांड्यांवर काजळी धरायची. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीला मी नुसती खिडकी आपटायचे, मग तोंडाचा पट्टा सोडायला लागले. तशात काकांनी एक जड पाना स्वतःच्या पायावर पाडून घेतला आणि अंगठ्याचं हाड मोडलं. त्या दिवशी मी जाहीर केलं की आता पुरे झालं, ही गाडी भंगारात जाणार. क्रेनवाल्याला फोनही मीच केला. रविवारी दुपारी चार वाजता ये म्हटलं.

काका भांडले नाहीत, आणि तेच मला लागलं. ते एवढंच म्हणाले की बिघाड इंजेक्टरमध्ये आहे, नवे चार आणून ठेवलेत. रविवारी चारपर्यंत हे नवे इंजेक्टर बसले आणि गाडी नीट चालली तर ती राहील. नाही चालली तर क्रेनवाल्याला गाडीबरोबर त्यांचं हत्यारांचं कपाटही न्यायला सांगायचं.

“मग मला ते रोज बघायला तरी नको,” ते म्हणाले.

घोडं अडलं ते हातांपाशी. इंजेक्टर म्हणजे इंजिनात मोजून मापून डिझेल फवारणारी नळी. ती बसवताना आत कणभर कचरा गेला तरी सगळं मुसळ केरात. डेपोतल्या जुन्या सोबत्यांना बोलवायला काका तयार नव्हते. आपली ही अवस्था त्यांनी बघावी, हे त्यांना नको होतं. काकू समोरच्या खोलीत कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती. तोंडातल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या आणि म्हणाली, “तुम्ही सांगा. मी करते.”

काकू चाळीस वर्षं शिवणकाम करते आहे. निम्म्या गल्लीच्या अंगावर तिच्या हातचे कपडे आहेत. इंजिनाशी तिचा संबंध काय, तर काकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यापुरता, आणि आता गाडी तीच चालवते एवढाच. मी मोठ्याने हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी सकाळी इंजिन थंडगार असताना कामाला सुरुवात झाली. काका गाडीच्या तोंडासमोर स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. काकू गळ्यात टेप अडकवूनच आली. मी विचारलं, टेप कशाला? तर म्हणाली, सवयीने. गाडीला ती पहिल्या मिनिटापासून ‘गिऱ्हाईक’ म्हणत होती. गिऱ्हाईक उघडायचं कुठून, गिऱ्हाइकाच्या पोटात हे काळं काय आहे, असं सगळं चाललं होतं. काकांनी आधी बॅटरीची तार काढायला लावली, मग टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, येणारा जाड पाइप. पाइपाचं तोंड काकूने लगेच कापडाने बांधलं. काकांनी तिला सुती चिंधी दिली होती. ती तिने नाक मुरडून बाजूला टाकली. म्हणाली, सुती कापड धागे सोडतं, इथे अस्तराचं गुळगुळीत कापड पाहिजे. पस्तीस वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं काका म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग तिने टेबलावर कटिंगचा खाकी कागद पसरला आणि त्यावर इंजिन काढलं. चार इंजेक्टरचे चार गोल. नंबर कसे टाकू, असं तिने विचारलं. एक नंबर डावीकडचा, मग ओळीने चारपर्यंत, काका म्हणाले. तिने तसे टाकले. निघालेला प्रत्येक बोल्ट ती कागदावर त्याच्या जागी खुपसून ठेवायची. स्टुलावरून काकांना तो कागद उलटा दिसत होता, पण अशी टापटीप डेपोतही नव्हती म्हणून ते खूश होते.

दोन इंजेक्टर सहज निघाले. तिसऱ्याने मात्र नाकी नऊ आणले. जळक्या काजळीने तो आत घट्ट बसला होता. त्याच्या बुडाशी तेल सोडून दोन तास वाट पाहिली. काका सारखे सांगत होते, ओढू नकोस, थोडा इकडे, थोडा तिकडे वळव. काकूला ते लगेच कळलं. घट्ट काजातून बटण काढतात तसं, असं स्वतःशी पुटपुटत ती अर्धा तास त्याला हलवत राहिली. शेवटी तो बाहेर आला, पण त्याचा तांब्याचा वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहिला. काकांकडे त्यासाठी हत्यार नव्हतं. काकूने घरातून क्रोशाची सुई आणली, डोळे बारीक केले आणि वॉशर वर उचलून आणला. काका स्टुलावरून उठून उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की क्रेनवाल्याला फोन करायला नको होता.

रविवारी नवे इंजेक्टर बसले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. कुठल्या सिलिंडरवर कुठल्या क्रमांकाचा इंजेक्टर आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, म्हणजे तो डिझेल बेताने सोडतो. काकूने ते क्रमांक कागदावर एकेका गोलाशेजारी लिहिले. मोजून आवळायच्या पान्याने बोल्ट आवळले. टक् असा आवाज आला की थांबायचं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. सव्वातीनला पाइप, तारा, सगळं जागच्या जागी होतं. काकांनी कागदावरून क्रमांक वाचले आणि मी ते गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर दाबले. हो, मीही एव्हाना या भानगडीत पडले होते.

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. आख्खी गाडी हलत होती. खडखड अशी की खिडकीची काच वाजावी, आणि मागून धूर. काकांनी पाइपांजवळ पुठ्ठा धरायला लावला. डिझेल कुठून फवारत असलं तर हाताला भोक पडतं, म्हणून पुठ्ठा. तो कोरडाच राहिला. मग त्यांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली, पण ती कानावर ठरेना. काकूने ती धरली. ते चारही ठिकाणी ऐकत गेले.

“चारही ठोकतायत,” ते म्हणाले. “बंद कर.”

मग ते स्टुलावर बसले. “हात गेलेच होते. आता डोकंही गेलं.”

काकूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. खिशातून कपाटाची किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. किल्ली हवेत थरथरत होती. मी घेतली, कारण न घेणं जास्त वाईट दिसलं असतं. तेवढ्यात क्रेन आली, दहा मिनिटं आधीच. एरवी वेळेवर कुणी येत नाही.

क्रेनवाला दाढी खाजवत गाडीभोवती फिरला आणि त्याने विचारलं, पुढे हूक अडकवायचं भोक कुठल्या बाजूला आहे?

“डावीकडे,” काका म्हणाले.

“उजवीकडे,” काकू म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. आणि दोघांची बोटं एकाच भोकाकडे होती.

क्रेनवाला म्हणाला, आधी तुमचं काय ते ठरवा. काका स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले, मग काकूकडे. “अगं, ही डावी बाजू नाही का?”

“तुमची डावी. गिऱ्हाइकाची उजवी,” काकू म्हणाली. “समोर उभं राहून आपली डावी-उजवी धरली तर दोन्ही बाह्या उलट लागतील.” शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते त्याच सुरात तिने हे सांगितलं आणि एकदम टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. काका तोवर टेबलाजवळ पोचले होते.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो सगळ्यात शेवटी. काकांनी डावी म्हटली ती समोर बसून स्वतःची, आणि इंजिनाचा एक नंबर खरोखर त्याच बाजूला होता. काकूने लिहिली ती गाडीची. ज्याच्या अंगावर कपडा जायचा त्याची डावी, हे तिच्या हातात चाळीस वर्षं मुरलेलं. एकच्या इंजेक्टरचा क्रमांक चारला, चारचा एकला, मधले दोन तसेच अदलाबदल. आणि कॉम्प्युटर बिचारा भलत्याच क्रमांकाने डिझेल सोडत होता.

“काही उघडायचं नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज डेपोतला असावा तसा झाला होता. “इंजेक्टर सगळे सारखे. फक्त कागदावरचे क्रमांक उलट्या ओळीने, शेवटचा आधी, असे दाब.”

मी घाईघाईने आकडे दाबायला लागले. काका दोनदा म्हणाले, सावकाश.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. खडखड नाही, धूर नाही, नुसता एकसुरी घुमणारा आवाज. काकूने खिशातलं दोऱ्याचं रीळ इंजिनाच्या झाकणावर उभं ठेवलं. ते उभंच राहिलं. काका हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि मी काय करत होते ते विचारू नका.

लगेच फेरी मारायला निघालो. काकू चालवायला, काका शेजारी, मी मागे. पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी आजवर रडत चढायची. काकूने पाय दाबला, टर्बो फिरला आणि मी सीटला चिकटले. काकूने वर पोचल्यावर गाडी वळवली आणि गरज नसताना पुन्हा एकदा तोच चढ चढली.

परत आलो तर क्रेनवाला गेला नव्हता. त्याने स्वतःच्या क्रेनचं बॉनेट उघडून ठेवलं होतं. म्हणाला, चढावर हीही खोकते, तुमच्यात मेकॅनिक कोण आहे?

“डॉक्टरांना विचारा,” मी म्हटलं आणि कपाटाची किल्ली काकांच्या खिशात टाकली.

काकांनी दुसरीकडे बघितलं नाही. त्यांनी काकूच्या कानामागचा शिंपीकामाचा खडू घेतला, क्रेनच्या कडेवर मनगट टेकवलं आणि इंजिनाशेजारी आकडा काढला. तो वेडावाकडा होता, पण वाचता येत होता.

“एक नंबर हा,” ते काकूला म्हणाले. काकूने गळ्यातला टेप नीट केला आणि बाह्या वर सारल्या.