हरबाची माळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. इटलीच्या गोष्टी मात्र खूप सांगितल्या. तिथला बर्फ, तिथली खेचरं, आणि लोकांना सगळ्यात आवडायची ती गोष्ट — परक्या मुलखात मी चांगलं जेवण कसं हुडकून काढायचो. ती सांगताना दरवेळी एका जागी थांबायचो आणि विषय बदलायचो. आज तुम्हाला त्या जागेच्या पुढचं सांगतो.

माझे वडील कडेगावाकडून हळद घेऊन सांगलीला गाडी हाकायचे. ते म्हणायचे, "पाटी बघून जेवायला बसू नगंस. गाडीवानांची बैलं कुठं सोडल्यात ते बघ." चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आमची पलटण डोंगरातल्या एका गावाजवळ विश्रांतीला होती, तेव्हा मी तेच केलं. चौकात सोजिरांसाठी इंग्रजी पाट्या लावलेली दुकानं होती. ती सोडून मी गाढवावर लाकडं लादून निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या मागं गेलो. तो एका घराच्या मागच्या दारानं आत शिरला. पाटी नव्हती. आतून भाजलेल्या मक्याचा वास आला — आणि माझे पाय तिथंच थांबले.

बरोबर हरबा होता. आमच्याच गावचा, माझ्याच वयाचा. गळ्यात तुळशीची माळ. भरतीला निघालो त्या दिवशी त्याच्या आईनं, तानीकाकीनं, ती स्वतःच्या हातानं त्याला घातली होती आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली होती, "ह्यो भोळा हाय रं. कुणी काय बी खायाला घालंल. तू हायेस म्हणून सोडती." मी मान डोलावली होती. कशासाठी डोलावली, कुणास ठाऊक. डोलावली खरी.

त्या घरात काळा रुमाल बांधलेली एक बाई होती. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. तिनं मोठ्या लाकडी पाटावर मक्याच्या घट्ट कण्या ओतल्या आणि दोऱ्यानं कापल्या. हरबा बघतच राहिला. "आरं, ह्या तर आईच्या कण्या!" दोन वर्षं डाळ आणि शिळ्या रोट्या खाल्लेला माणूस तो. मग मावशीनं कण्यांवर घेवड्याची दाट आमटी घातली. हरबाचा हात थांबला.

"इचार की रं तिला, ह्यात काय हाय?"

मला तिची भाषा बरी यायला लागली होती. मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, डुकराची थोडी चरबी, दुसरं काय? तिच्याशिवाय घेवड्याला चव कुठली?

मी हरबाकडं वळलो. "त्याल हाय म्हणती. जैतुनाचं."

"मग वाढ म्हण गड्या तिला!"

का बोललो मी तसं? छावणीबाहेर एकट्यानं जायची परवानगी नव्हती, जोडीनंच जावं लागे, आणि हरबा पुन्हा आला नसता तर माझं तिथलं जेवण बुडालं असतं. एवढंच. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही — आणि मी शोधलं नाही असं नाही.

अजून एक आहे. हे सांगायला सगळ्यात जड जातं. 'चरबी नको' — एवढं बोलायला मला येत होतं. तिनं एका वाडग्याचा घेवडा सहज वेगळा शिजवला असता. मी बोललो नाही. उगीच कटकट नको, बाई नाराज व्हायला नको, म्हणून. त्या हिवाळ्यात आम्ही सात वेळा तिथं जेवलो. सातही वेळा हरबानं आधी माळेला हात लावला, डोळे मिटले, मग घास घेतला. आणि मी समोर बसून ते पाहत जेवत होतो.

गावी परतलो तेव्हा तानीकाकी भाकरतुकडा घेऊन वेशीत उभी होती. पोराला कवेत घ्यायच्या आधी तिनं मला विचारलं. त्याला नाही — मला.

"माळ राखलीस न्हवं त्याची?"

"राखली, काकी."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. त्या दिवशी त्यांच्या घरात पहिली भाकरी माझ्या ताटात पडली.

पुढं हरबा गावात मानाचा माळकरी झाला. पंगतीत कुणी लढाईचा विषय काढला की म्हणायचा, "सात समिंदर वलांडून बी माळ बाटली न्हाई. ह्या गड्यामुळं!" लोक माझ्याकडं बघायचे. मी खाली मान घालायचो आणि त्यांना तो माझा विनय वाटायचा. नवा मका निघाला की दरसाल त्याच्या घरून झाकून कण्या यायच्या. मी खायचो. दरसाल.

शेवटी तो सांगलीला दवाखान्यात होता. मी ठरवूनच गेलो. गाडीत बसून वाक्य घोकत गेलो. लहानसंच होतं. तानीकाकी केव्हाच गेली होती. आता ऐकायला एकटा तोच उरला होता. खाटेपाशी बसलो. त्याच्या छातीवर माळ होती, मणी झिजून गुळगुळीत झालेले. त्यानं माझा हात ओढून त्या मण्यांवर ठेवला आणि उशाशी उभ्या लेकाला म्हणाला, "तुज्या काकाला इसरू नगंस. ही ह्यानं राखल्याली हाय."

लेक माझ्या पाया पडला. मी त्याला अडवलं नाही.

मग लेक बाहेर गेला. आम्ही दोघंच उरलो. हरबा माझ्याकडं बघत होता, जणू मी काही सांगायला आलोय हे त्याला कळलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी देऊ का रं?"

तो नको म्हणाला. तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या गळ्यात माळ तशीच होती.

घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे. हरबा, त्या घेवड्यात चरबी होती, मला ठाऊक होतं, माझं चुकलं.